जिजाअक्काची घागर

जिजाअक्का कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायची आणि मगच तिच्याबद्दल बोलायची. डांगर वाजवायची, मडकं वाजवायची, दाराची फळी वाजवायची. एकदा तिच्या भाचीला बघायला मुलगा आला. चहाची कपबशी देता देता अक्कानं त्याच्या पाठीवर पेरानं दोनदा वाजवलं आणि तो उंबऱ्याबाहेर पडायच्या आत म्हणाली, "पोकय हाये. आत काही नही." लग्न मोडलं. तो मुलगा पुढं चांगला निघाला, जळगावला घर बांधलं. भाचीला मिळाला तो अक्कानं नीट वाजवून घेतलेला, आणि त्यानं पत्त्यांत शेत घालवलं. पण अक्कानं वाजवणं काही सोडलं नाही.

ती गेली तेव्हा आमच्या असोद्यात सगळे म्हणाले, सोन्यासारखी बाई होती. खोटं आहे. भिंतीला भिंत लावून मी तिच्या शेजारी उभा जन्म काढला. सोनं मऊ असतं म्हणतात. ही बाई मऊ नव्हती. तिच्या अंगणात आमची कोंबडी गेली तर तिच्या आवाजानं अंडं द्यायची विसरायची. मला कधी तिनं साखर उसनी दिली नाही आणि मीही तिला कधी विरजण दिलं नाही. तरी आमचं बोलणं कधी तुटलं नाही. भांडायला तरी बोलावंच लागतं.

तिचा नवरा पुंडलिकभाऊ गरीब माणूस. बोलायचं काम त्यानं लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं. केळीच्या बागेला पाणी भरायचा, संध्याकाळी येऊन भाकरी खायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्यांना मूल नव्हतं. एका हिवाळ्यात ताप आला आणि गेला बिचारा. जातानाही काही बोलला नाही. अक्का कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "पाटाचं पानी अर्ध्यात टाकून गेला." आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बागेत जाऊन सालदाराला, म्हणजे सालगड्याला, शिव्या घालत उरलेलं पाणी भरून आली. बाग तिनं नवऱ्यापेक्षा चांगली चालवली. तिच्या दिरानं, सुपडूनं, तीच गोष्ट मनाला लावून घेतली.

आता आखाजीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात हा सण दिवाळीहून मोठा. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पुरुष भरदिवसा पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. त्याच दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. मुलगा मेलेल्याचं नाव घेऊन पाणी देतो. ज्याची घागर भरली नाही तो तिकडे वर्षभर तहानेला राहतो अशी समजूत. तिकडे जाऊन कोणी बघून आलेलं नाही. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात तहान म्हणजे काय हे प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून यावर कोणी वाद घालत नाही.

पुंडलिकभाऊची पहिली घागर सुपडूनं भरली. दुसऱ्या वर्षी पाडवा झाला तसा तो अक्काच्या ओट्यावर येऊन बसला. मी भिंतीपलीकडे शेवया सुकवत होते. कान काही मी शेवयांबरोबर सुकत ठेवले नव्हते.

"वयनी, भावाची घागर भावानं किती वरसं भरायची?" सुपडू म्हणाला. "घागर लेकाच्या हातची. माहा दुसरा पोरगा मांडीवर घे. मंग तो भरीन."

"मांडीवर बसला का उद्या बागेत बसीन," अक्का म्हणाली.

"बाग काय वर घेऊन जाशीन?"

"अन् तू काय भावाले पानी इकतो का रे?"

सुपडू उठला. धोतर झटकलं. "मंग मी नही भरत. राहू दे त्याले तहानेला."

हे तो मोठ्यानं बोलला, गल्लीला ऐकू जाईल असं. अक्का काही आभाळातून पडलेली नव्हती. पोरगं दत्तक घेतलं की बाग सुपडूची आणि आपल्याला मागच्या खोलीत एक ताटली, हे तिला चांगलं माहीत होतं. पण नवऱ्याला तहानेलं ठेवलं हेही गावानं तिच्याच माथी मारलं असतं. स्वतः भरावी तर भटजी म्हणाले, बाईच्या हातचं पाणी पोचत नाही. चार दिवस ती कोणाशी भांडली नाही. मला वाटलं, आता पोरगं मांडीवर घेते.

पाचव्या दिवशी लोटनभाऊ आला.

लोटनभाऊ पिंपळनेरकडचा. गळ्यात शिट्टी, खांद्याला शबनम, काखेत छत्री. दर उन्हाळ्यात बस भरून लोकांना हिमालयात न्यायचा. बोलणं अहिराणी, आवाज भोंग्यासारखा. मारुतीच्या पारावर उभा राहून तो सगळ्यांना गोमुख दाखवायचं सांगत होता, "बठ्ठासले गोमुख दखाडस! बरफना डोंगरमाईन गंगा निंघस. तठलं पानी भरं का सात पिढ्यासनी तहान भागस!"

अक्का गर्दीतून पुढं झाली. "बाईनं भरलं तरी?"

"अक्का, गंगा बी बाईच शे ना!"

लोटनभाऊ जन्मात एकदाच खरं बोलला, ते हे. आणि तेही तिकीट खपवायला.

झालं. अक्कानं तिथल्या तिथं नाव घातलं आणि तापी म्हणून माझंही घातलं, मला न विचारता. मी गेले. पुंडलिकभाऊच्या तहानेसाठी नव्हे. मला बर्फ बघायचा होता. तोवर मी बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गोणपाटाखाली. आमच्या घरच्या माणसाला विचारलं तर ते म्हणाले, "दोघी जाताय ना? जा. गल्लीला आराम पडेल."

निघण्याआधी घागर घ्यायला आम्ही कुंभाराकडे गेलो. आखाजीची घागर मातीचीच लागते, पितळेची चालत नाही. अक्कानं त्याची अख्खी भट्टी वाजवली. कुंभार वैतागून म्हणाला, "अक्का, मडकं पाहून राहिली का मानूस?"

"मानूस पाहायले उशीर झाला," अक्का म्हणाली. शेवटी एक लहानशी, लाल, खणखणीत घागर निघाली. तिला घरच्या कापसात गुंडाळून टोपलीत बसवली. सोबत एक डांगर, सांजोऱ्यांचा डबा, हळदकुंकू. स्वतःसाठी दोन लुगडी आणि नवऱ्याचा जुना स्वेटर. थंडी म्हणजे काय याची तिची कल्पना एवढीच होती. माझीही तेवढीच.

बसमध्ये टोपली तिच्या मांडीवर. इंदूर गेलं, आग्रा गेलं, टोपली खाली उतरली नाही. गचका बसला की ती ड्रायव्हरला ओरडायची, "अरे, मानसं हाये आत, मेलेलं बी एक हाये!" लोटनभाऊ पुढं उभा राहून माहिती द्यायचा. कुठलीही नदी आली की तो यमुना सांगायचा, कुठलंही देऊळ पांडवांनी बांधलेलं. खरी यमुना आली तेव्हा तो झोपला होता. उन्हानं डांगर पिकलं आणि हरिद्वार येईपर्यंत सगळी बस त्याच्या वासानं भरून गेली. मागचे लोक एकदा लाडात म्हणाले, "अक्का, कापा की एक फोड." अक्का वळून म्हणाली, "हे मेलेल्याचं हाये. पायजे तं मरा, मंग देते." पुढं कोणी मागितलं नाही.

गंगोत्रीला पोचलो तेव्हा आखाजी दोन दिवसांवर होती. हिवाळाभर बंद असलेलं तिथलं देऊळ आखाजीलाच उघडतं, त्यासाठी लोक थांबलेले. लोटनभाऊनं शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, वरचा रस्ता बर्फानं बंद आहे. मग अक्काकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "अक्का, आठेच भरा घागर. आठली गंगा ती गंगा नही का?"

"वाटेतच भरायची असती तं तापीवर भरली असती," अक्का म्हणाली. "तू गोमुख दाखोतो म्हने ना?"

"मी कितलाच येळ वर जाई उनू, अक्का. यंदा रस्ताच नही."

शेजारी एक पहाडी माणूस खेचराला चारा घालत होता. त्याला काय सुचलं कोण जाणे, पण तो म्हणाला, "रास्ता तो खुला है, माताजी. ये बाबूजी ही कभी ऊपर नहीं गए."

बसमधले सगळे लोटनभाऊकडे बघायला लागले. लोटनभाऊ देवळाच्या कळसाकडे बघायला लागला. अक्का पुढं झाली आणि तिनं त्याची छाती पेरानं वाजवली. "शिट्टी वाजते," ती म्हणाली, "बाकी काही नही." मग तिनं त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं, "तू संग येत नही तं तुह्या बसमंदी उद्या मानूस तं काय, बोकड बी बसनार नही. मी घरोघर जाऊन सांगीन." ती खरंच गेली असती. लोटनभाऊनं माणसं ओळखून पोट भरलेलं. तो आला.

असे आम्ही चौघं निघालो. अक्का, मी, लोटनभाऊ आणि तो पहाडी माणूस. लोटनभाऊ खेचरावर. अक्काला खेचर दिलं तर म्हणाली, "त्याच्या पाठीवर घागर फुटीन." तिनं लुगड्याचा काष्टा आवळला, डोक्यावर चुंबळ ठेवली, तीवर रिकामी घागर ठेवली आणि विहिरीवर निघाल्यासारखी हिमालय चढायला लागली. वाटेत एक गोरा मनुष्य तिचा फोटो काढायला थांबला. "त्याले सांग," अक्का मला म्हणाली, "रिकामी हाये अजून. भरल्यावर काढ म्हना." ते मी त्याला कुठल्या भाषेत सांगणार होते?

चढ आमच्या जिवावर आला. दहा पावलं टाकली की छातीत भाता चालायचा. अक्का दमली की थांबायची आणि दमले म्हणायची नाही, घागर सरळ करायची. दर थोड्या वेळानं ती घागर सरळ करत होती. लोटनभाऊनं खेचराच्या मानेला मिठी मारलेली. भीतीनं शिट्टी तोंडातच राहिली होती, त्यामुळे त्याचा प्रत्येक श्वास वाजत होता. पुढच्या वळणावरचे साधू आम्ही पोचायच्या आधीच बाजूला होऊन उभे राहायचे.

भोजवासाला एका साधूची धर्मशाळा आहे, तिथं रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गोमुख.

आता खरं सांगते. मी बर्फाचा डोंगर पांढराशुभ्र असेल असं धरून चालले होते, कॅलेंडरवर असतो तसा. तसे पांढरे डोंगर मागं उभे होते, नाही म्हणत नाही. पण ज्याच्यातून गंगा निघते तो बर्फ दिसायला कसा? खडीच्या खाणीत पावसाळ्यात दरड कोसळते ना, तसा. वर माती, धोंडे, राख. खाली कुठं कुठं निळसर हिरवं, सोड्याच्या बाटलीच्या काचेसारखं. आणि त्याच्या पोटातल्या भगदाडातून राखाडी पाणी भसाभसा बाहेर येतं.

लोटनभाऊला आता माहिती द्यायची आठवण झाली. "दखा, दखा! गायनं तोंड!"

"कोनत्या गायचं?" अक्का म्हणाली. "ही गाय मेलेली हाये."

तरी एक आहे. तिथं उभं राहिलं की पायाखालून घरघर लागते, जात्याजवळ बसल्यासारखी. आम्ही दोघी भांडायचंही विसरलो. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मग अक्का शुद्धीवर आली. काठाला घराएवढा एक बर्फाचा धोंडा पडला होता. ती गेली आणि तिनं तो वाजवला. कान लावून ऐकलं. "भरीव हाये," तिनं निकाल दिला. "माह्या नातवंडाच्या नातवंडापर्यंत हालत नही." नातवंडं तिला नव्हती, ते सोडा. पण तिचं बोलणं संपायच्या आत वरून तोफ सुटल्यासारखा आवाज झाला आणि समोरच्या त्या डोंगराची एक अख्खी भिंत पाण्यात कोसळली. लोटनभाऊ ओरडला, "पळा वं माय, डोंगर पडना!" आणि सगळ्यांच्या आधी पळाला. खेचर त्याच्या आधी सुटलं होतं, त्यालाही त्यानं मागं टाकलं.

मीही पळाले, लपवत नाही. अक्का पळाली नाही. धीट म्हणून नव्हे. घागर पाण्याच्या काठाला ठेवलेली होती. ती तिच्यावर आडवी झाली, जशी कोंबडी पिलांवर होते. बर्फाचे तुकडे उडून तिच्या पाठीवर आले. सगळं शांत झाल्यावर ती उठली आणि जणू काही झालंच नाही अशी पदर घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळून भरायला बसली. पहाडी माणूस तिचा दंड धरून उभा होता. पाण्यात रेती होती, आणि ते इतकं गार की तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले. तोंडात एक घोट घेऊन थुंकली. "मातकट हाये," म्हणाली. "पन त्याले चालीन. घरी बी तो नको म्हने नही."

भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती धर्मशाळेपर्यंत आली. वाटेत एक थेंब सांडला नाही. उद्या आखाजी. सकाळी पूजा करायची आणि खाली उतरायचं, असं ठरलं.

आणि इथं ती चूक झाली. ही चूक फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो. आमच्याकडे नवी घागर रात्री अंगणात ठेवतात. वाऱ्यावर पाझरते, पाणी गार होतं. मेलेल्याला कोमट पाणी देऊ नये. अक्कानं घागर बाहेर ओट्यावर ठेवली. पहाडी माणूस म्हणाला, "माताजी, अंदर रखो. बाहर ठंड है."

"म्हनूनच ठेवते," अक्का म्हणाली. "पानी गार व्हायले पायजे." त्या माणसानं हात जोडले. मलाही तिचं बरोबरच वाटलं. उन्हाळ्यात जन्म गेलेल्या बायकांना पाण्याचं दगड होतं हे कोण शिकवणार?

सकाळी ती माझ्या आधी उठली. बाहेरून आवाज आला नाही. जिजाअक्का उठली आहे आणि आवाज नाही म्हणजे काहीतरी झालं. मी बाहेर आले. घागर फुटली होती. लाल खापऱ्या ओट्यावर पसरलेल्या, आणि मधोमध घागरच उभी होती, पण बर्फाची. तेच पोट, तोच गळा, कुंभाराच्या बोटांचे वळसेसुद्धा तसेच.

लोटनभाऊ घोंगडी पांघरून आला. "हाई अपशकुन शे, अक्का," म्हणाला. "घागर फुटनी. आते खाले चाला, पितळना लोटा मी देस."

अक्का पायरीवर बसली होती. दोन खापऱ्या हातात घेऊन त्या जुळतात का बघत होती. लोटनभाऊला तिनं एक शिवीसुद्धा दिली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तापे, सुपडू हासीन."

मी काही तिला जवळ घेतलं नाही. आम्ही तशा नाही. मी म्हटलं, "हासीनच. मंग एक तं पोरगं मांडीवर घे, नही तं ऊठ. पाय गारठले माहे."

ती उठली. बर्फाच्या घागरीजवळ गेली आणि तिनं ती वाजवली. कान लावला. पुन्हा वाजवली. मग लोटनभाऊला म्हणाली, "आत पानी हालते अजून."

"पन अक्का, घागर म्हंजे मातीनीच लागस ना?"

अक्काचा आवाज परत आला. त्या दरीत तो दोनदा ऐकू आला. "अरे, त्याले पानी प्यायचं हाये! मडकं का खाईन तो?"

लोटनभाऊ घोंगडी आवळून बाजूला झाला.

तिनं त्या घागरीला हळदकुंकू लावलं. कुंकू बर्फावर पसरून ओघळलं. वर डांगर ठेवलं, तेही रात्रीत दगड झालेलं. डांगराशेजारी एक सांजोरी. आता नाव घ्यायचं होतं. नाव मुलगा घेतो. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि अक्कानं ते कधी घेतलंही नव्हतं. लग्नातल्या उखाण्याच्या वेळीसुद्धा तिनं सासूला उलट उत्तर दिलं होतं म्हणे. मग दरीकडे तोंड करून ओरडली, "पुंडलिक! पानी घे!" सालदाराला बांधावरून हाक मारावी तशी. अरे-तुरे, मान नाही, काही नाही. लोटनभाऊ दचकला. मला हसू आलं, आणि हसू आवरताना डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं येतं तिकडे.

ऊन ओट्यावर आलं. घागर पाझरायला लागली. तिच्या पोटावरून पाणी उतरलं, ओट्यावरून खाली मातीत गेलं. पहाडी माणूस म्हणाला, चला, उशीर होतो. अक्का हलेना. पाण्याची धार बघत होती.

"पाय," धारेकडे बोट करून मला म्हणाली, "पेतो तो." आणि जरा वेळानं, "हावरा."

खाली गंगोत्रीला आल्यावर लोटनभाऊनं बसमधल्या लोकांना जे सांगितलं त्यात तो सगळ्यांत पुढं होता आणि डोंगर कोसळताना त्यानंच अक्काला वाचवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तो पारावर ओरडत होता, "मनी टूरमा गंगामाय सोता बरफनी घागर घडस!" त्याच्या दोन बसगाड्या भरल्या. अक्काला त्यानं त्याबद्दल साधा नारळही दिला नाही.

आम्ही गावी आलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचलेली. सुपडू पारावर चार माणसं घेऊन बसला होता. "काय वयनी, घागर फुटली म्हने?"

"फुटली," अक्का चालता चालता म्हणाली. "मडकं तुह्यासारखं व्हतं. थंडी झेपली नही. पानी मातर सारं पेला तो."

गावानं महिनाभर यावर चर्चा केली. काही म्हणाले पोचलं, काही म्हणाले नाही. भटजींना विचारलं. ते म्हणाले, गंगेच्या काठी, गंगेचं पाणी, आखाजीचा दिवस. दोष काढायला जागा दिसत नाही, तरी पोथीत बघून सांगतो. ते शेवटपर्यंत बघतच होते. पण सुपडूच्या हातातलं हत्यार गेलं. पोचलं नाही असं म्हणावं तर गंगेला नावं ठेवायची. ती हिंमत आमच्या गावात जिजाअक्का सोडून कोणाकडे नव्हती.

पुढच्या आखाजीला तिनं आपल्या अंगणात स्वतः घागर भरली आणि मोठ्यानं हाक मारली. मग दर वर्षी. बाग तिचीच राहिली. मुलगा नसलेल्या आणखी दोघी-तिघी बायका हळूहळू आपापल्या अंगणात भरायला लागल्या. आता तिच्या मागं लोक म्हणतात, जिजाअक्कानं गावात सुधारणा केली. सुधारणा कसली? खुन्नस होती. त्या बायका तिला विचारायला आल्या तेव्हा तिनं सांगितलं होतं, "मी बरफातून चालत गेली. तुमाले आयतं पायजे." आणि मग घागर कशी ठेवायची ते दाखवलं, शिव्या देत.

सुपडू तिच्या आधी गेला. त्याच्या दोन्ही पोरांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. जो दत्तक द्यायचा होता तो सुरतेला कामाला गेला, सणाला आलाच नाही. थोरला म्हणाला, धाकट्यानं भरावी. आखाजीचा दिवस डोक्यावर आला तरी सुपडूची घागर कोरडी. मग त्याची बायको कौसा ती घागर कडेवर घेऊन आमच्या गल्लीत आली आणि अक्काच्या अंगणात उभी राहिली. मी भिंतीवरून बघत होते.

अक्कानं तिला बस म्हटलं नाही. चांगलं तासभर उन्हात उभं ठेवलं, स्वतः आत डाळ निवडत बसली. मग बाहेर आली, कौसाच्या कडेवरची घागर वाजवली आणि म्हणाली, "कच्ची हाये. तुमच्या घरातलं सारंच कच्चं." पण घागर घेतली. पुंडलिकभाऊच्या शेजारी मांडली, वर डांगर ठेवलं. दिराचं नाव तिला घेता येत होतं, ते तिनं घेतलं आणि काठोकाठ पाणी ओतलं. कौसा पदरात तोंड घालून रडायला लागली.

"रडू नको," अक्का म्हणाली. "तुह्यासाठी नही भरत. तो तिकडी तहानेला बसला, तं माह्या मानसाच्या घागरीत हिस्सा मागीन."